चार हातांचं स्टिअरिंग

आमच्या घिवलीत होड्यांना नावं असतात, गाड्यांना नसतात. बाबाच्या ट्रकला मात्र होतं. अख्खा किनारा तिला ‘डिस्पोजल’ म्हणायचा. लष्कराच्या मोडीतून निघालेली जुनी गाडी. पुढची-मागची चारही चाकं एकदम जोर लावायची, त्यामुळे रस्ता संपला तरी तिचं काही अडायचं नाही. ‘डिस्पोजल’ म्हणजे नको असलेला माल, हे मला शाळेत इंग्रजी आल्यावर कळलं, तेव्हा मी बाबावर चिडले होते. लोक आपल्या गाडीला भंगार म्हणतात आणि तू हसत ओ देतोस, असं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "बोलू दे गो. नाव काय पन असलं तरी चालते ना ती?"

बाबाला बोट लागायची. मासेमारांच्या आळीत जन्मलेल्या माणसाला बोट लागावी, या गोष्टीवर आमच्याकडे एवढी थट्टा झाली की ती आम्हा भावंडांनाही वारसाहक्काने मिळाली. तरुणपणी तो होडीत चढला की सुकाणू धरणाऱ्या तांडेलाच्या पायाशी आडवा व्हायचा आणि किनारा दिसला की उठायचा. शेवटी आजोबांनीच हात जोडले. पुढे गावाशेजारी अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, तिथे तो ड्रायव्हर म्हणून लागला, आणि बांधकाम संपल्यावर हा ट्रक घेऊन घरी आला. समुद्रावर जाता येत नव्हतं, म्हणून तो समुद्रापर्यंत जायला लागला.

हे ‘समुद्रापर्यंत’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. ओहोटीला आमच्याकडचं पाणी फार लांब जातं. मागे उरतात खडक, चिखल आणि मधूनमधून रेतीचे पट्टे. होड्या तिकडे लांब थांबायच्या आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तो सगळा चिखल तुडवत यायच्या. बाबा डिस्पोजल घेऊन थेट पाण्याच्या कडेला जायचा. मासळी होडीतून निघायची ती ट्रकातच पडायची, तिथून बर्फ घालून बोईसरच्या बाजाराला. वरच्या फळकुटांवर बायका बसायच्या, त्यात माझी आईही. आई मासळी विकायची आणि तिच्या तोंडाला बाजारात कुणी लागायचं नाही.

रेतीतून जाण्याची एक वाट असायची, आणि ती बाबाला ठाऊक असायची. दर पावसाळ्यानंतर ती बदलायची. कुठली रेती भार सोसेल आणि कुठली चाक गिळेल, हे तो रंगावरून ओळखायचा. स्टिअरिंगला तो सुकाणू म्हणायचा आणि तसंच चालवायचा. डिस्पोजलच्या स्टिअरिंगमध्ये ढिलाई इतकी होती की चांगलं फिरवलं तरी खाली चाकांना पत्ता नसायचा. त्यामुळे वळण यायच्या आधीच वळायला सुरुवात करावी लागायची. होडी तशीच वळते, असं तो म्हणायचा. होडीवर तो किती वेळ उभा राहिला होता ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हे ऐकून बायका मागे खुसखुसायच्या.

पावसाळ्यापूर्वी होड्यांना मुशीचं तेल लावतात. मुशी म्हणजे आमच्याकडे जाळ्यात सापडणारा लहान शार्क. त्याच्या काळजाचं तेल लाकूड खाऱ्या पाण्यापासून जपतं. वास असा, की पाहुणे आल्या पावली परततात. बाबा ते तेल डिस्पोजलच्या पाट्यांना लावायचा. चाकांवर गाडीचा भार तोलणारे ते लोखंडी पाटे, एकावर एक रचलेले, धनुष्यासारखे वाकलेले. खारं पाणी त्यांच्या फटींत शिरून बसायचं आणि आतून पोखरायचं. इतर ड्रायव्हर ग्रीस लावायचे. बाबाचं म्हणणं, "ग्रीस जमिनीवरच्या गाड्यांना." आम्ही कुठेही गेलो तरी गाडीच्या आधी वास पोचायचा.

तरी एका हिवाळ्यात पुढचा मुख्य पाटा तुटलाच. यांत्रिक होड्या वाढल्या होत्या, मासळी वाढली होती, त्यावर बर्फाचा भार वेगळा. बोंबलांनी भरलेली गाडी खडकावर आपटली, कडाड आवाज झाला आणि डिस्पोजल एका बाजूला कलून उभी राहिली. मागच्या बायका बोंबलांवर बसल्या. आई खाली उतरून गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "बाईमाणसासारखंच झालं. भार वाढवत गेलात, कंबर मोडली."

कुंभवलीच्या फाट्यावर एक गॅरेज होतं. कारखान्यांच्या गाड्या तिथे यायच्या. गॅरेजवाला उत्तरेकडून आलेला, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आम्हीही. त्याने नुसता तुटलेला पाटा बदलला नाही. चारही बाजूंचे पाटे उतरवले, भट्टीत लाल करून ठोकून ठोकून त्यांना नवा बाक दिला, आणि एका मोठ्या ट्रकचे जादा पाटे मधे भरले. रेतीत रुतू नये म्हणून टायरही रुंद घातले. डिस्पोजल घरी आली तेव्हा आळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी चांगलीच वर उचलली गेली होती. आईला चढता येईना. "ही गाडी हाय का माडी?" असं विचारून तिने घरातला पाट आणून खाली ठेवला, आणि तो पाट पुढे कायम ट्रकात राहिला. आमच्याकडे जेवायला एक माणूस जमिनीवर बसायचा तो तेव्हापासून.

नव्या पाट्यांनी भार बिनतक्रार उचलला. पण एक चांगलं झालं की दुसरं बिघडतं. गाडी वर उचलल्यामुळे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा तिरका झाला. चाक खडकावर चढलं की तो दांडा स्टिअरिंगला हिसडा द्यायचा. त्यात रुंद टायर, रेतीत त्यांना वळवणं म्हणजे जात्यात ओले तांदूळ दळण्यासारखं. उस्तादने आधीच सांगितलं होतं, म्हणे. बाबाने मान हलवली होती, आणि बाबाची मान न ऐकताही हलायची.

एका ओहोटीला चाक खडकावरून घसरलं, स्टिअरिंग गरकन फिरलं आणि बाबाचा उजवा हात सोबत घेऊन गेलं. खांदा निखळला. गावातल्या हाडं बसवणाऱ्याने तो जागेवर बसवला, पण त्यानंतर बाबाचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. सदरा घालायचा तर आईला मागे उभं राहावं लागायचं. समुद्राचं मीठ तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून ती त्याला शेकायची आणि तो भिंतीकडे बघत बसायचा.

मी तेव्हा दहावी होऊन तारापूरच्या एका कारखान्यात गोळ्यांच्या बाटल्या भरायला जात होते. डोक्यावर निळी टोपी, तोंडाला फडकं, आणि बोलायची बंदी. मला बोलायची बंदी म्हणजे माशाला पाण्याची बंदी. एके सकाळी मी कामावर निघाले होते, बाबा ट्रकात बसून होता. होड्या लागल्या होत्या आणि तो निघत नव्हता. मी जवळ गेले तर म्हणाला, "शेजारी बस. मी बोललो का खेचायचं."

मी बसले. कारखान्यात पुन्हा गेले ती उरलेला पगार आणायला.

आता सांगते तसं ते काम होतं. बाबा उजवीकडे, मी डावीकडे. स्टिअरिंगचा उजवा अर्धा त्याचा, डावा अर्धा माझा. वाट त्याने बघायची. तो म्हणायचा "खेच", की मी पाय समोरच्या पत्र्याला टेकवून दोन्ही हातांनी माझी बाजू खाली खेचायची. तो "सोड" म्हणाला की लगेच सोडायची. उलट वळायचं असलं तर मी खालून वर रेटायची. खेचणं सोपं असतं. सोडणं अवघड. चाकं वळून पुन्हा सरळ होताना स्टिअरिंग आपोआप परत येतं, तेव्हा जो धरून बसतो त्याचा हात मोडतो. पहिल्या दिवसांत मी उशिरा सोडायचे आणि मनगटं सुजवून घ्यायचे. नंतर त्याने बोलायची गरज राहिली नाही. त्याचा श्वास बदलला की मी खेचायचे. तो नाकातून हवा सोडायचा, मी हात सोडायचे.

गावाने मजा घेतली. "दोगं मिळून एक ड्रायवर," असं म्हणायचे. आई म्हणायची, "माझ्या घरात एक धड माणूस नाय, दोन अर्धे हायत." पण डिस्पोजल चालत होती, मासळी बाजारात पोचत होती, आणि बाबा घरच्या ओट्यावर जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला नव्हता. त्याला त्या रांगेची भीती होती. एकदा त्याने मला ती बोलून दाखवली होती.

तो मला बोलून दाखवायचा, हेच तर होतं. घरात बाबा चार शब्दांचा माणूस. ट्रकात बसला की त्याला कंठ फुटायचा. इंजिनाच्या आवाजात मागच्या बायकांना काही ऐकू जायचं नाही, बहुतेक म्हणून. होडीत आडवा पडून त्याला आभाळ कसं फिरताना दिसायचं ते त्याने सांगितलं. आईला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती कुणाला तरी शिव्या देत होती आणि त्याला फार आवडली, हे सांगितलं. पाम गावाच्या वळणावर एक मोठं झाड होतं, तिथे उन्हाळ्यात आम्ही इंजिन थंड करायला थांबायचो. तो बिडी ओढायचा, मी माझे हात बघायचे. तळव्यांना घट्टे पडले होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा. पोरीच्या जातीला न शोभणारा अभिमान, असं आई म्हणायची. मला आजही ती जागा हवी आहे. तेलाचा वास, तापलेला पत्रा, आणि शेजारी तो. दुसरं काही मागायचं झालं तर मला सुचणार नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाबा डिस्पोजल घेऊन कुंभवलीला जायचा, पाट्यांना तेल लावायला. गाडी रिकामी आणि रस्ता डांबरी असला की तो कसाबसा एकटा चालवायचा. हे तेल पूर्वी तो घरीच लावायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "उस्तादकडं जॅक बरा हाय." मला तेव्हा एवढंच वाटलं की त्याला एकट्याने गाडी चालवायची हौस फेडायची असेल.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा पालघरचा, नोकरीतला, सरळ स्वभावाचा. तो आजही सरळच आहे, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. घरात आनंद होता. सुपारी फुटली, पाहुणे गेले, आणि आईने भांडी आवरता आवरता विचारलं, "आता ही गेल्यावर स्टिअरिंग कोन खेचनार?"

 हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, फक्त तोंड आईचं होतं. माझे दोघे भाऊ धाकटे, एक शाळेत आणि दुसऱ्याला बापासारखी बोटच काय, गाडीही लागायची. मी गेले की डिस्पोजल थांबणार होती. ती थांबली की बाबा ओट्यावर बसणार होता. मला लग्न हवं होतं आणि ते नको होतं, दोन्ही खरं.

लोकांनी सुचवलं, पगारी माणूस ठेवा. शेजारचा एक दांडगा गडी बाबाने घेऊनही बघितला. खेचायला तो बैलासारखा होता, पण सोडायचं त्याला कळेना. पहिल्याच फेरीत गाडी रेतीवरून थेट बोंबलांच्या वलांडीत शिरली. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांची मालकीण, दोन्ही अंगावर आले. त्या बाईने पुढची भरती येईपर्यंत आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाबा मला म्हणाला, "खेचनारे लय मिळतील. सोडनारा नाय मिळायचा."

तेव्हा मी ठरवलं. त्याला न सांगता एस.टी.ने कुंभवलीला गेले आणि उस्तादसमोर उभी राहिले. म्हटलं, स्टिअरिंग हलकं होण्याचा काही उपाय असेल तर सांगा, माझं लग्न आहे. तो टायरला ठिगळ लावत होता. हातातलं काम ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"शादी पक्की हो गई?"

"हो."

"तो फिर ठीक है," असं म्हणून तो आत गेला आणि मागच्या अंधाऱ्या खोलीतून एक गाठोडं उचलून घेऊन आला. जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळलेला लोखंडी संच होता तो. एक जाड डबा, एक पंप, नळ्या. कुठल्या तरी कारखान्याच्या उभारणीला आलेली परदेशी गाडी मोडीत गेली, तिचं पॉवर स्टिअरिंग. इंजिनावर पंप बसवायचा, तो तेल दाबतो, आणि माणसाचा जोर तेल लावतं. उस्तादने मला असं समजावलं. मी त्या डब्याला हात लावला तर बोटं तेलकट झाली. मुशीच्या तेलाचा वास होता त्याला. पण माझ्या केसांनाही तोच वास होता, माझ्या ओढणीलाही. मला त्यात वावगं काय वाटणार? मी फक्त देवाचे आभार मानले की इतकी दुर्मीळ वस्तू नेमकी आजच इथे निघाली.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं, बाबा हुज्जत घालेल. एका नटावरून तो उस्तादशी सकाळभर वाद घालणारा माणूस. पण तो बिडी पेटवत होता, ती पेटेना. काडी विझली, दुसरी ओढली. मग म्हणाला, "बशीव मग."

डिस्पोजल गॅरेजमधून आणायला आम्ही दोघं गेलो. उस्तादने मला उजव्या बाजूला बसवलं, इंजिन चालू केलं आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. मी एक बोट लावलं. गाडी जागेवर उभी, आणि ती रुंद चाकं लोण्यातल्या सुरीसारखी फिरली. मी हसले. बाबाकडे बघितलं तर तो समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघत होता.

पहिली फेरी दुसऱ्याच दिवशी होती. किनाऱ्यावर बायका नेहमीपेक्षा जास्त जमल्या होत्या, नवं सुकाणू बघायला. मी सवयीने माझ्या जागी चढले. तसं चढायचं काही कारण उरलं नव्हतं, हे मला चढल्यावर आठवलं, पण उतरावंसं वाटलं नाही आणि बाबानेही गाडी काढली. गाडी रेतीवर आली. पहिलं वळण आलं, तिथे डावीकडे घट्ट पट्टा आणि त्याच्याही पलीकडे काळा चिखल. बाबा म्हणाला, "खेच."

तो म्हणाला आणि मी खेचलं. पाय पत्र्याला टेकवून, दोन्ही हातांनी, अंगातल्या सगळ्या जोराने. त्यानेही त्याच्या सवयीने वळणाच्या आधीच फिरवायला घेतलं होतं. चार हातांचा जोर आणि वर तेलाचा जोर. डिस्पोजल गरकन वळली, घट्ट पट्टा ओलांडला आणि नाकासकट चिखलात जाऊन बसली. मागे बायका एकमेकींवर पडल्या. मग इतकी शांतता झाली की मला कुर्ल्या बिळात शिरतानाचा आवाज ऐकू आला.

भरती सुरू व्हायला आली होती. खाऱ्या पाण्यात इंजिन बुडालं असतं तर नवं सुकाणू, जुने पाटे, सगळंच संपलं असतं, आणि तेही माझ्या लग्नाच्या तोंडावर. होड्यांवरचे पुरुष दोर घेऊन आले. होडी किनाऱ्यावर खेचतात तशी त्यांनी डिस्पोजल खेचली, एकाने आरोळी द्यायची, बाकीच्यांनी हुंकार देत अंग टाकायचं. आईने स्वतःची टोपली चाकाखाली घातली, वर फळकुटं घातली. पाणी चाकांना लागलं तेव्हा गाडी निघाली. एक तांडेल दोर गुंडाळता गुंडाळता बाबाला म्हणाला, "तुला जमिनीवर पन बोट लागली वाटते."

सगळे हसले. बाबाही हसला. मी हसू शकले नाही. मी चिखलाच्या पायांनी पुन्हा वर चढले, तर त्याने इंजिन चालू केलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"चूक माझी," तो म्हणाला. "मीच बोललो खेच." मग इंजिन चालू करता करता, "आता खेचायचं नाय गो. बस नुसती."

लग्नापर्यंत मी नुसती बसले. हात आपोआप पुढे जायचे, म्हणून मांडीखाली दाबून बसायचे. बाबा एका हाताने चालवायचा. त्याचं उजवं मनगट नुसतं स्टिअरिंगच्या काठावर टेकलेलं असायचं. त्याच्या चेहऱ्यावरची ती नेहमीची आठी गेली होती. मला बरं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण पामच्या वळणावर झाडाखाली आम्ही थांबलो तेव्हा बोलायला दोघांनाही काही सुचेना. इंजिन तापलंही नव्हतं.

पालघरला माझा संसार चांगला झाला. तळव्यांचे घट्टे वर्षभरात गेले. नारळी पुनवेला माहेरी यायचे तेव्हा बाबा मला किनाऱ्यावर फिरवून आणायचा, एका हाताने, थोडा मिरवत. खांदा दुखत नाही म्हणायचा. पुढे कितीतरी वर्षं त्याने गाडी चालवली. ओट्यावरच्या रांगेत तो बसला नाही. ते मला हवं होतं तसंच झालं. आणि तरी दर वेळी मी त्या गाडीतून उतरताना त्या लोखंडी डब्याचा हेवा करत उतरायचे. माझ्या जागेवर तो बसला होता आणि माझ्यापेक्षा चांगलं काम करत होता.

नव्वदची वर्षं अर्ध्यावर आली असताना बाबा गेला. आजारपण थोडकंच होतं. किनाऱ्यापर्यंत तोवर टेम्पो यायला लागले होते, होड्याही दुसरीकडे लागायच्या. भावांना डिस्पोजलचं काय करायचं ते कळेना. ती दाराशी उभी राहून गंजायला लागली, तिला तेल लावणारं कुणी नव्हतं. शेवटी उस्ताद न्यायला तयार झाला, सुटे भाग काढून बाकीचं भंगारात घालायला. मी पालघरहून मुद्दाम गेले. माणसाला पोचवायला जातात, तसं.

उस्ताद म्हातारा झाला होता. त्याची माणसं पाटे उतरवत होती. तो स्वतः गाडीखाली जाऊन स्टिअरिंगचा डबा सोडवून घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि फडक्याने पुसला.

"ये अभी भी अच्छा है," तो म्हणाला. "चाचा ने बहुत संभाला इसको. लगाने से पहले भी."

मी म्हटलं, आधी कसा? मी आले त्या दिवशीच तर तुम्हाला तो सापडला होता.

तो हसला. म्हणाला, "किसने बोला?"

मग त्याने सांगितलं. बाबाचा खांदा निखळला त्यानंतर लगेचच उस्तादने हा संच शोधून आणला होता. बाबा येऊन बघून गेला. बसवून टाकू म्हटलं, तर नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी घरून जाळ्याचा तुकडा आणि तेलाची बाटली घेऊन आला, डब्याला तेल चोपडलं, गुंडाळला आणि मागच्या खोलीत ठेवून गेला. दर पावसाळ्याआधी यायचा, सोडायचा, तेल लावायचा, पुन्हा बांधायचा.

"मैंने पूछा, चाचा, हाथ टूट रहा है तुम्हारा, कायको रुके हो? बोले, अभी लड़की बैठती है बाजू में. उसकी शादी होगी, तब लगाना."

 ती सगळी वर्षं आई बाबाला गरम मिठाने शेकत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून बसत होता. उपाय कुंभवलीला गुंडाळून ठेवलेला होता. मी पाय टेकवून, दात आवळून खेचत होते. मला वाटायचं, माझ्या हातांवाचून त्याचं अडतंय.

उस्तादने विचारलं, स्टिअरिंगचं चाक तरी घेऊन जाते का. ते त्याने काढून ठेवलं होतं. काळा काठ दोन ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता, एक उजवीकडे, एक डावीकडे. मी माझ्या बाजूने धरलं. बाबाची बाजू मोकळी राहिली. मग मी ते तसंच खाली ठेवलं आणि फाट्यावर जाऊन पालघरची एस.टी. पकडली.

पुढची जागा मिळाली, ड्रायव्हरच्या शेजारची. पामच्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवायला घेतलं आणि माझे हात उठले. मी ते मांडीखाली घेतले आणि नुसती बसले, बाबाने सांगितलं होतं तशी.